एका चांदणीचा हुद्दा कोणता? (जर्मन सैन्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या)

बर्लिनचे_पंत
नमस्कार मंडळी,
इथे माउअरपार्कात रविवारी जुना बाजार भरतो, तिथून खांद्यावरची एक पट्टी उचलली. जोडी नाही, एकच आहे. चपट्या रुपेरी दोरीचा विणलेला गोफ, खाली पांढरं कापड, वरच्या टोकाला बटणाचं भोक आणि गोफावर एक सोनेरी चौकोनी चांदणी. विकणारे आजोबा म्हणाले, "वेअरमाख्ट (हिटलरच्या काळचं जर्मन सैन्य), लॉयटनंट. एक चांदणी म्हणजे लॉयटनंटच." स्वस्त होती म्हणून घासाघीस न करता घेतली. आता नेटवर बघतोय तर एका तक्त्यात लॉयटनंटला एक चांदणी, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात दोन, आणि एके ठिकाणी एक चांदणी चक्क जनरलला. डोकं भंजाळलंय. इथे गणवेश, मॉडेल वगैरेंचा नाद असलेले बरेच जण आहेत, तर ही पट्टी नक्की कोणाची आणि जर्मनांनी हे प्रकरण इतकं किचकट का करून ठेवलंय ते सांगा.

उनाड_बोका
एक चांदणी म्हणजे "सर्व्हिस अत्यंत वाईट, पुन्हा युद्धाला येणार नाही" ;)

मगजी_बहाद्दर
पंत, चांदण्या मोजायच्या आधी चांदणी कशावर बसलीये ते बघा. हुद्दा अर्धाअधिक पट्टीच्या विणीतच असतो, चांदणी फक्त त्या गटातली पायरी सांगते.

वेअरमाख्टच्या भूदलापुरतं बोलायचं तर शिपायाची पट्टी साधी कापडी, कडेला मगजी. एनसीओ (आपल्याकडच्या नाईक-हवालदारांसारखा) झाला की त्यावर जरीची किनार चढते. उंटरऑफिझीरची किनार खालच्या बाजूला, म्हणजे बाहीकडे, उघडी असते. उंटरफेल्डवेबेलची सगळीकडून बंद. त्या बंद किनारीत एक चांदणी आली की फेल्डवेबेल, दोन आल्या की ओबरफेल्डवेबेल, तीन म्हणजे स्टाब्सफेल्डवेबेल. मग लॉयटनंट ते हाउप्टमान (कॅप्टन), यांची रुपेरी दोरी न विणता सरळ शेजारी-शेजारी टाकलेली, आणि चांदण्या शून्य, एक, दोन. मेजर झाला की त्याच दोरीचा गोफ होतो आणि मोजणी परत शून्यापासून: मेजर कोरा, ओबरस्टलॉयटनंट (लेफ्टनंट कर्नल) एक, ओबरस्ट (कर्नल) दोन. जनरलांचा गोफ दोन सोनेरी आणि मधे एक रुपेरी अशा पेडांचा, लाल कापडावर, तिथेही गेनेरालमेजर कोरा आणि पुढे एक, दोन, तीन. फील्डमार्शलला चांदण्या नाहीत, एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन दंड.

चांदणीचा रंग दोरीच्या उलट, म्हणजे रुपेरी दोरीवर सोनेरी आणि जनरलांच्या सोनेरी गोफावर रुपेरी. एनसीओंच्या कापडी पट्टीवरची पांढऱ्या धातूची.

म्हणजे एकच चांदणी फेल्डवेबेलची, ओबरलॉयटनंटची, ओबरस्टलॉयटनंटची किंवा गेनेरालॉयटनंटची असू शकते. तुमची गोफावर आहे, सोनेरी आहे, तर वेअरमाख्टची असल्यास ओबरस्टलॉयटनंट. लॉयटनंटच्या भावात चार हुद्दे वरचा माणूस मिळाला तुम्हाला.

बर्लिनचे_पंत
बापरे! आजोबांना जाऊन सांगू का?

उनाड_बोका
नका सांगू, फरकाचे पैसे मागतील.

माजी_फौजी_सातारकर
मगजीसाहेब, छान समजावलंत. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे आणि सुभेदारसाहेबांच्या खांद्यावरही दोन तारे. फरक त्या ताऱ्यांखालच्या लाल-पिवळ्या फितीचा. नवीन भरती झालेलं पोरगं तारेच मोजत बसतं आणि सुभेदारसाहेबांकडून बोलणी खातं. फीत बघायला शिकायला वेळ लागतो. तुमच्या जर्मनांची फीत म्हणजे तो गोफ.

बाकी एक ध्यानात ठेवा, जर्मन गेनेरालमेजर ऐकून आपला मेजर जनरल समजू नका. त्यांच्यात तेव्हा ब्रिगेडियर हा हुद्दाच नव्हता, त्यामुळे त्यांचा कोरा गोफवाला गेनेरालमेजर साधारण आपल्या ब्रिगेडियरच्या जागी धरतात आणि पुढचे सगळे एकेक घर खाली सरकतात.

स्नेहल_म
काका, मस्त माहिती. पण मोजणी शून्यापासून का? म्हणजे एवढा अधिकारी झाला आणि खांद्यावर काहीच नाही?

मगजी_बहाद्दर
काहीच नाही असं कसं, अख्खी रुपेरी पट्टी आहे ना! ती बघूनच शिपाई सलाम ठोकणार. हे सगळं प्रशियाकडून आलेलं आहे, कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) सैन्यातही लॉयटनंट कोरा, ओबरलॉयटनंट एक, हाउप्टमान दोन असंच होतं. पुढे कैसर गेला, प्रजासत्ताक आलं, हिटलर आला, पण खांद्यावरची मोजणी तीच राहिली. त्यामुळे नुसत्या चांदणीवरून काळही ओळखता येत नाही.

ड्रेस्डेनची_मीनल
थांबा थांबा, तुम्ही सगळे एक अख्खा देश विसरताय. पूर्व जर्मनी!

१ मार्च १९५६ ला पूर्व जर्मनीचं सैन्य उभं राहिलं, नॅशनल फोक्सआर्मी. साम्यवादी राजवट, सल्लागार सोव्हिएत, पण अंगावर काय तर जुन्या जर्मन धाटणीचा करडा गणवेश आणि खांद्यावर तोच सरळ दोरी आणि गोफवाला प्रकार. फक्त चांदण्यांची मोजणी सोव्हिएत पद्धतीने लावली, म्हणजे शून्य काढून टाकला. उंटरलॉयटनंट एक, लॉयटनंट दोन, ओबरलॉयटनंट तीन, हाउप्टमान चार. गोफावर मेजर एक, ओबरस्टलॉयटनंट दोन, ओबरस्ट तीन. पंतांच्या तिसऱ्या तक्त्यातला दोन चांदण्यांचा लॉयटनंट हाच.

उलट पश्चिमेचं बुंडेसवेअर, १९५५ चं, लोकशाहीवालं, त्यांनी गोफ टाकूनच दिला. सुरुवातीचे गणवेश तर इतके अमेरिकन वळणाचे होते की जुन्या सैनिकांनी नाकं मुरडली. तिथे लॉयटनंटला एक चांदणी, ओबरलॉयटनंट दोन, हाउप्टमान तीन, मेजरपासून चांदण्यांखाली ओकच्या पानांची कमान आणि जनरलांचं तेच सगळं सोनेरी. तुमचे आजोबा पश्चिमेत नोकरी केलेले असणार, म्हणून त्यांच्या डोक्यात 'एक चांदणी म्हणजे लॉयटनंट' पक्कं बसलंय.

तात्पर्य, गोफावर एक सोनेरी चांदणी म्हणजे पूर्व जर्मन मेजरही असू शकतो. आणि पांढरा रंग दोन्हीकडे पायदळाचाच, त्यामुळे तोही मदतीला येणार नाही. १९९० मध्ये ते सैन्य बरखास्त झालं तेव्हा गणवेशांचे ढीगच्या ढीग बाजारात आले, अजून येतायत. बर्लिनमध्ये स्वस्तात मिळालेली पट्टी म्हटल्यावर माझी पैज मेजरवर.

मगजी_बहाद्दर
मीनलताई, दंडवत. हे डोक्यातच आलं नव्हतं कारण मी ४५ ला थांबतो :)
पंत, नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळतो बघा, अतिनील. अंधारात पट्टीवर मारा, विशेषतः शिलाईच्या दोऱ्यावर आणि पांढऱ्या कापडावर. युद्धानंतरच्या कापडात आणि दोऱ्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी लखलखतात. चमकली तर ४५ च्या नंतरची समजा. न चमकली म्हणून खरीच, असं मात्र नाही, नकलाकारांना पण हा दिवा माहीत आहे.

कोकणकन्या_रत्नागिरी
मंडळी, रसभंग करते, माफ करा. पण हे चांदण्या, गोफ, जर असं कौतुकाने वाचताना कसंतरीच होतंय. या पट्ट्या लावलेल्या लोकांनी काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. ते घरी आणून शोकेसमध्ये ठेवायचं? मला नाही पटत.

बर्लिनचे_पंत
ताई, शोकेस वगैरे नाही, ड्रॉवरमध्ये आहे. पण मुद्दा मान्य आहे, मलाही घेताना क्षणभर वाटलं होतं.

म्युनिकचा_बाळ्या
इथे कायदाच आहे, फौजदारी संहितेचं कलम ८६ अ. स्वस्तिक, एसएसची (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची) ती विजेसारखी दोन अक्षरं, असलं जाहीर दाखवायला बंदी. बाजारात जुन्या पदकांवर, टोप्यांवर म्हणून तेवढ्या भागावर चिकटपट्टी लावलेली दिसते. संशोधन, शिक्षण, कला यांना सूट आहे. खांद्याच्या नुसत्या पट्टीवर स्वस्तिक नसतं म्हणून ती उघड विकतात.

ड्रेस्डेनची_मीनल
कोकणकन्या, तुझं म्हणणं रास्त आहे, पण उलट बाजू पण बघ. १९९५ साली हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने वेअरमाख्टच्या गुन्ह्यांवर फोटोंचं प्रदर्शन काढलं. तोवर इथे सर्रास असं म्हणायची पद्धत होती की गुन्हे केले ते एसएसने, साधं सैन्य बिचारं स्वच्छ होतं. त्या प्रदर्शनाने हा समज पार मोडला, दंगा झाला, मोर्चे निघाले. मग काही इतिहासकारांनी दाखवून दिलं की काही फोटोंखालची माहिती चूक आहे, कुठे गणवेश जर्मन नसून हंगेरियन किंवा फिनिश आहेत, तर कुठे मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्यांचे आहेत. १९९९ मध्ये प्रदर्शन बंद ठेवावं लागलं. चौकशी समितीचा निष्कर्ष असा की मूळ प्रतिपादन बरोबर आहे, साधारण १४०० फोटोंपैकी वीसपेक्षा कमी चुकीचे. २००१ मध्ये नव्याने उभं केलं. पण त्या मूठभर फोटोंनी नाकारणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं ना! फोटोतला माणूस कुठल्या सैन्याचा, कुठल्या हुद्द्याचा, हे कॉलर आणि खांदा बघून सांगता येणं हे कौतुकाचं काम नाही, पुराव्याचं आहे.

आमच्या ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात ये एकदा. जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत वास्तुविशारद लिबेस्किंडने काचेची आणि लोखंडाची पाचर घुसवलीये, २०११ पासून. तिथे गणवेशाचं कौतुक करायला जागाच ठेवलेली नाही.

कोकणकन्या_रत्नागिरी
हा मुद्दा वेगळा आहे आणि पटला. ड्रॉवरला हरकत नाही मग :)

अडगळीतला_ट्रंक
आयत्या धाग्यावर माझी शंका. मी १/३५ मापाचा जर्मन रणगाडाचालक (मॉडेलचा बाहुला) रंगवतोय. काळा गणवेश, कॉलरवर दोन्ही बाजूंना कवटी. म्हणजे एसएसच ना? आणि डब्यावरच्या चित्रात कडेला गुलाबी रंग दाखवलाय, तो छपाईचा दोष आहे का?

मगजी_बहाद्दर
दोष नाही, गुलाबीच. रणगाडा दलाचा रंग गुलाबी. पायदळ पांढरं, तोफखाना लाल, घोडदळ सोनेरी पिवळं, संदेशदळ लिंबोळी पिवळं, इंजिनियर काळे, पहाडी सैन्य हिरवं, डॉक्टर निळे. जगातल्या सगळ्यात खुनशी दिसणाऱ्या गणवेशाला गुलाबी मगजी, आता काय बोलणार.

आणि कवटी म्हणजे एसएस हे समीकरण सोडा. ती कवटी प्रशियाच्या हुसार घोडेस्वारांची, रणगाडेवाले स्वतःला त्यांचे वारस समजायचे. तिला खालचा जबडा नाही. एसएसनेही आधी तीच वापरली, १९३४ पासून जबड्यासकट वेगळी केली. अजून सोपी खूण, गरुड बघ. उजव्या छातीवर असेल तर भूदल, डाव्या दंडावर असेल तर वाफेन एसएस, म्हणजे एसएसचं लढाऊ सैन्य. आणि एसएसच्या कॉलरवर दोन्ही बाजूंना सारखं नसतं, उजवीकडे अक्षरं किंवा तुकडीचं चिन्ह आणि डावीकडे हुद्दा. कर्नलच्या बरोबरीला आला की मग दोन्हीकडे ओकची पानं.

उनाड_बोका
आणि ते काळे गणवेश ह्यूगो बॉसने डिझाइन केले म्हणे.

म्युनिकचा_बाळ्या
नाही रे, हे व्हॉट्सअॅप विद्यापीठ. एसएसचा काळा गणवेश कार्ल डीबिच आणि वाल्टर हेक या दोघांचा. बॉसचा कारखाना होता, शिवून देणाऱ्या अनेक कारखान्यांपैकी एक. मालक १९३१ पासून नाझी पक्षाचा सभासद होता आणि युद्धात सक्तीचे मजूर राबवले, तो भाग खरा आहे आणि डिझाइनपेक्षा वाईट आहे.

स्नेहल_म
हिटलर पहिल्या महायुद्धात गेफ्रायटर (साध्या शिपायाच्या वरची पायरी) होता ना? त्याच्या खांद्यावर काय?

मगजी_बहाद्दर
खांद्यावर काहीच नाही. कैसरच्या काळी गेफ्रायटरची खूण म्हणजे कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं बटण, बास. बाहीवरचा उलटा कोन नंतरचा. आणि सत्तेवर आल्यावरही त्याने हुद्द्याचं कुठलंच चिन्ह लावलं नाही, आयर्न क्रॉस, जखमी सैनिकाचा बिल्ला आणि पक्षाचा सोनेरी बिल्ला एवढंच. दिखाव्याचा सगळा कोटा हवाईदलप्रमुख ग्योरिंगने संपवला, जुलै १९४० मध्ये त्याच्यासाठी राइखमार्शल हा एकट्यापुरता हुद्दा काढला आणि चिन्हंही त्याच्यापुरतीच.

रच्याकने, वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याचा सेनापती पाउलुस याला स्टालिनग्राडमध्ये ३० जानेवारी १९४३ ला फील्डमार्शल केला, तेही वायरलेसवरून, का तर आजवर जर्मन फील्डमार्शल जिवंत पकडला गेला नव्हता, म्हणजे हा गोळी घालून घेईल अशी अपेक्षा. तो दुसऱ्या दिवशी शरण गेला. त्या तळघरात तिरपे दंड कुठून येणार, शरण जाताना खांद्यावर तीन चांदण्याच.

माजी_फौजी_सातारकर
हुद्द्याच्या चिन्हाची ताकद बघायची तर कोपेनिकचा किस्सा. १९०६, ऑक्टोबर. विल्हेल्म फॉइग्ट नावाचा तुरुंगात जाऊन आलेला मोची. जुन्या बाजारातून एकेक करत कप्तानाचा गणवेश जमवला, अंगावर चढवला, रस्त्यात दिसलेल्या सैनिकांना "माझ्यामागे या" म्हणाला आणि ते गेले. कोणीही कागद मागितला नाही. त्यांना घेऊन रेल्वेने कोपेनिकला, तिथल्या महापौराला अटक, तिजोरीतले साडेतीन हजारांवर मार्क पावती देऊन ताब्यात, आणि स्वारी पसार. पकडला गेला, चार वर्षांची शिक्षा झाली, पण अख्खा देश हसत होता, १९०८ मध्ये कैसरनेच माफी दिली. आम्हाला हा किस्सा ओळखपत्र तपासण्यावरच्या लेक्चरमध्ये सांगितला होता.

ड्रेस्डेनची_मीनल
कोपेनिकच्या नगरपालिकेच्या दारात पुतळा आहे त्याचा, गणवेशातला!
आणि याचं दुसरं टोक १९१८ चं. नोव्हेंबरात कीलला खलाशांनी बंड केलं, ते देशभर पसरलं, तेव्हा रस्त्यात अधिकाऱ्यांना अडवून खांद्यावरच्या पट्ट्या आणि टोपीवरचे बिल्ले उपटून काढत होते. डिसेंबरात बर्लिनला सैनिक आणि कामगारांच्या परिषदेने ठरावच केला की हुद्द्याची चिन्हं रद्द. हिंडेनबुर्ग आणि सेनापती मंडळींनी तो अमलात येऊ दिला नाही. बारा वर्षांपूर्वी ज्या पट्टीमागे न विचारता चालत गेले तीच उपटायला लोक उतरले.

कोकणकन्या_रत्नागिरी
नेताजींच्या आझाद हिंद लीजनचे लोक काय लावायचे? आजोबांच्या तोंडून नाव ऐकलं होतं.

मगजी_बहाद्दर
जर्मनीतली फ्रायेस इंडियेन लीजन, जर्मन कागदपत्रांत पायदळाची ९५० क्रमांकाची रेजिमेंट. उत्तर आफ्रिकेत पकडलेले आपले युद्धकैदी त्यात घेतले, प्रशिक्षण ड्रेस्डेनजवळ क्योनिग्सब्र्युकला. गणवेश आणि हुद्द्याची चिन्हं भूदलाचीच, शीख सैनिकांना पगडी. वेगळेपण उजव्या बाहीवर: भगव्या-पांढऱ्या-हिरव्या ढालीवर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मनमध्ये 'फ्रायेस इंडियेन'. वरच्या जागांवर बहुतेक जर्मनच. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून पाणबुडीने गेले, लीजन मागे राहिली, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये ती कागदोपत्री वाफेन एसएसकडे वर्ग झाली.

बर्लिनचे_पंत
दिवा मारला! अंधाऱ्या बाथरूममध्ये. दोरा लख्ख पांढरा चमकतोय, खालचं कापडही. चांदणी आणि रुपेरी दोरी शांत.

ड्रेस्डेनची_मीनल
मेजर! मी म्हटलं होतं.

म्युनिकचा_बाळ्या
वेअरमाख्टची नवी नक्कल पण असू शकते की.

ड्रेस्डेनची_मीनल
नक्कल करणारा लॉयटनंट म्हणून पडेल भावात कशाला विकेल? पूर्व जर्मन माल इतका पडलाय की त्याची नक्कल करायला दोऱ्याचाही खर्च निघणार नाही. मोटराइज्ड पायदळाचा मेजर, विषय संपला.

उनाड_बोका
म्हणजे ओबरस्टलॉयटनंटचा मेजर झाला. पंत, एका धाग्यात बढती आणि पदावनती दोन्ही. हहपुवा.

स्नेहल_म
नौदलाचं पण सांगा ना कोणीतरी, बाहीवर पट्ट्या असतात ते.

म्युनिकचा_बाळ्या
त्याला वेगळा धागा लागेल. थोडक्यात, लॉयटनंटला बाहीवर एक सोनेरी पट्टी, कपितेनलॉयटनंटला दोन आणि त्यांच्या मधे एक बारीक, कपितेन झुर झे म्हणजे चार. यू-बोटीचा (जर्मन पाणबुडीचा) कप्तान मात्र पांढऱ्या टोपीवरून ओळखतात, पट्ट्या बघायची गरजच नाही.

अडगळीतला_ट्रंक
माझ्या गुलाबी मगजीचं राहिलं. ब्रशने ओढतोय तर रेघ जाड होतेय, कार्टून वाटतंय.

मगजी_बहाद्दर
मगजी शेवटी ओढू नकोस, आधी लाव. कॉलरची अख्खी कड गुलाबी करून घे, जरा करडा मिसळून, नाहीतर वाढदिवसाच्या केकसारखा दिसतो. सुकल्यावर आतून काळा भरत कडेपर्यंत ये आणि केसाएवढं गुलाबी शिल्लक ठेव. खांद्याच्या पट्टीलाही तसंच. चालक बहुधा साधा शिपाई असणार, तेव्हा त्याला चांदणी लावू नकोस.